निळा हुकूम

चन्नवीर एकदा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही. सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडण्यात त्याची हयात गेली होती. त्या भोकांबरहुकूम मागावर नक्षी उतरायची.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच्या लहानग्या पोरीला, सिद्धव्वाला, ताप भरला. डॉक्टरांना टायफॉइडचा संशय आला. त्यांनी कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, पेजेवरच ठेवा, जड घास गेला तर आतडं फाटेल. पण रक्ताच्या रिपोर्टात टायफॉइड निघाला नाही आणि चन्नवीरला आभाळ ठेंगणं झालं. गठ्ठ्यात चादर नाही, म्हणजे तिचे पुठ्ठेच कुणी पाडले नाहीत, हा त्याचा धंद्यातला हिशेब; तसंच रिपोर्टात टायफॉइड नाही, म्हणजे तो अंगात शिरलाच नाही. पोर भुकेनं रडत होती. त्यानं निंगव्वाला, म्हणजे बायकोला, भाकरी टाकायला सांगितलं आणि औषध बंद करतो म्हणून कळवायला स्वारी दवाखान्यात हजर.

रक्त तपासणाऱ्या डॉक्टर हेमावतीबाईंनी वाद घातला नाही. त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवून काचेवर रंग चढवलेलं सिद्धव्वाचंच रक्त दाखवलं. तांबड्या गर्दीत मोठाल्या पेशी, कडेनं गर्द निळ्या.

"अण्णा, हा निळेपणा म्हणजे आत सुटलेले हुकूम," बाई म्हणाल्या. "जंतूंशी लढायला काय माल तयार करायचा, त्याचे. जंतू कुठला, ते रंगावरून कळत नाही. आम्ही रक्तात मोजतो तो तयार माल. हुकूम ढीगभर सुटले तरी माल लगेच आणि तेवढाच निघतो असं नाही. म्हणून रिपोर्टात आला नाही तरी टायफॉइड असू शकतो. आठवड्यानं पुन्हा बघू."

चन्नवीरचा डोळा भिंगावरून हलेना. त्याच्या अंगावर काटा आला. एका थेंबात एवढा कारखाना! मालक नाही, मुकादम नाही, भोंगा नाही, आणि पोर झोपली तरी काम चालूच. हा गडी सिद्धेश्वरापुढंही एवढा वेळ कधी वाकला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मग त्याला भाकरी आठवली. तो जो पळत सुटला, तो थेट चुलीपाशी.

सिद्धव्वानं पहिला तुकडा नुकताच तोंडाशी नेला होता. त्यानं तो हिसकून घेतला. पोरीनं टाहो फोडला, निंगव्वानं त्याचा उद्धार केला.

"रड बाई," तो पोरीला जवळ घेऊन म्हणाला, "पर दम धर. तुज्या आत लई जण राबत्यात. त्यास्नी येळ दे."

पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त दिलं. या खेपेला टायफॉइड निघाला आणि तोवर ताप उतरणीला लागला होता. बाई रिपोर्ट समजावत होत्या, पण चन्नवीरचं तिकडं लक्षच नव्हतं. सिद्धव्वाच्या ज्या दंडातून रक्त काढलं होतं, त्या काडीएवढ्या दंडाला तो सगळ्यांदेखत हात जोडून उभा होता.