कहा-सुना माफ

आजही मधूनच आठवते ती एका पासपोर्टची केस, आणि आठवली की थकायला होतं. उभी हयात पोलिसात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून माणसं बाहेर काढली. लोकांना वाटतं साहेबांच्या डोक्यात तेच घोळत असेल. तसं काही नाही. त्यातलं बरंचसं पुसलं गेलं, आणि बरं झालं पुसलं गेलं, नाहीतर जेवण गेलं नसतं. राहिला तो हा पासपोर्ट.

तेव्हा मी वसमत तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आलेली, रक्तदाबाची गोळी नुकतीच सुरू झालेली. हळद शिजवायचे दिवस होते. कुरुंद्याकडच्या शिवारात जिकडेतिकडे कुकर लागलेले आणि त्या वाफेचा उग्र वास ठाण्यातल्या कपाटांत जाऊन बसलेला. या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या. विहिरीवरची मोटार चोरली, हळदीची पोती गेली, बांधावरून डोकं फोडलं. रोज तेच ऐकून कान किटले होते.

त्या वर्षी जवळच्या एका गावातून मोठा ग्रुप उमऱ्याला, म्हणजे मक्का-मदिनेच्या यात्रेला निघाला होता. ग्रुप नेणारा माणूस गावातलाच कापड दुकानदार. तो आधी हज करून आलेला, म्हणून सगळा गाव त्याला हाजीसाब म्हणायचा. या मंडळींच्या पासपोर्टची पोलीस पडताळणी आमच्याच ठाण्यातून झाली होती, त्यामुळे त्यांची तयारी मला घरच्यासारखी माहीत होती. सगळ्यांना एका रंगाच्या बॅगा. त्या हळदीच्या अडतीवर, पोती मोजायच्या काट्यावर तोलल्या जात. एका चाचांची बॅग वजनात बसेना म्हणून उघडली, तर आत लोखंडी खलबत्ता. तिकडं मसाला नीट कुटत नाहीत म्हणे! मशिदीच्या अंगणात यात्रेत नेसायचं इहरामचं पांढरं कापड कसं गुंडाळायचं ते शिकवणं चाललेलं, आणि बायका नवे बूट घालून कालव्याच्या रस्त्यानं चालायचा सराव करायच्या. विमानात खिडकी उघडता येते का, हे मला तिघाचौघांनी तरी विचारलं होतं.

या तयारीत आणखी एक गोष्ट असते. निघण्याआधी प्रत्येक जण घरोघर जातो आणि म्हणतो, ‘कहा-सुना माफ करो.’ बोललं-ऐकलं असेल ते माफ करा. माणसानं माणसाचं मन दुखावलं असेल तर त्याची माफी त्या माणसाकडूनच यावी लागते, ती वरून मिळत नाही, असं ही मंडळी मानतात. हिंदू घरांतही जातात. समोरचाही हसून म्हणतो, ‘माफ, माफ, आमच्यासाठी दुवा करा.’ चहा होतो, पुढचं घर.

विमान आठवड्यावर आलं आणि एक तरणा वेल्डिंगवाला ठाण्यात आला. त्याच्या आईचा पासपोर्ट चोरीला गेला होता. आई म्हणजे गावातली जुनी बांगडीवाली. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन तिनं आसपासची सगळी गावं पायाखाली घातलेली. तिला लहानथोर सगळे खाला म्हणत. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. “साहेब, अब्बा गेल्यापासून अम्मीनं एकच मागितलं व्हतं. आता नवा पासपोर्ट एवढ्या दिवसांत कुठून आणू?” मी त्याची फिर्याद लगेच घेतली नाही. तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद घातली आणि घर पाहायला गेलो.

पासपोर्ट लोखंडी पेटीत ठेवला होता. कुलूप शाबूत, कोयंडा शाबूत. खाला भिंतीला टेकून बसली होती, गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत आणि त्याच दोऱ्यात पेटीची किल्ली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मनात एक शंका तिथंच आली, पण मी ती बोलून दाखवली नाही. सत्तरीच्या बाईवर शंका घ्यायला पोलिसालाही जड जातं.

दुसऱ्या दिवशी निनावी फोन आला. “हाजीसाबचा मेव्हणा ऐनवेळी तयार झाला. म्हातारीला गाळून त्याला नेऊन राहिले.” खालाच्या पासपोर्टवर मेव्हणा विमानात कसा बसणार, हा प्रश्न गावात कुणालाच पडला नव्हता. अफवेला डोकं लागत नाही. तरी खबर आली म्हटल्यावर विचारपूस करणं भाग होतं. हाजीसाबला बोलावलं. तो आला तेव्हा खुर्चीवर बसेना. मी आवाज चढवला नाही. आवाज चढवला की माणूस खरं सोडून सोयीचं बोलतो, हे नोकरीत फार लवकर कळलं होतं.

“साहेब, व्हिसा होऊन आल्यावर पासपोर्ट मी खालाच्या हातात दिला,” तो म्हणाला. “मशिदीच्या अंगणात, सगळ्यांपुढं. आज माझ्याच दुकानासमोर लोक आपापले पासपोर्ट उन्हात धरून पाहून राहिले, खरे हायत का म्हणून. माझ्या बायकोनं विहिरीवर जाणं बंद केलं. मी चोर हाय का?”

“मी म्हणालो का तसं?”

“तुमी न्हाई म्हणले. पण बोलावलं ना ठाण्यात. आता सगळा गाव म्हणंल.”

तो बरोबर बोलत होता.

आमच्या ठाण्यात एक महिला शिपाई त्याच गावची होती. हाजीसाब गेल्यावर मी तिला खालाबद्दल विचारलं. “चांगली बाई हाय, साहेब. माफी मागायला आमच्या आईकडं येऊन गेली. पाटलाकडं गेली, शाळेत गेली. फक्त शेजारी गेली न्हाई. गिरणीवालीकडं. भिंतीला भिंत हाय, पण दोन्ही घरांत बोलणं न्हाई.”

मी गाडी काढायला सांगितली आणि तिलाच बरोबर घेतलं.

दुपार होती. पोरगा कामावर गेलेला, सून आत. खालानं मला चहा दिला. पलीकडून भिंतीतून गिरणीची घरघर येत होती.

“खाला, किल्ली कुणाजवळ असते?”

“माझ्याजवळच की.”

“झोपतानाबी?”

“व्हय, झोपताना...” एवढं बोलून ती थांबली. आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं होतं. चौकशीत असा क्षण आला की तरुणपणी मला आनंद व्हायचा. त्या दिवशी झाला नाही. म्हातारीचा चेहरा पाहून उठून जावंसं वाटलं.

मी म्हणालो, “हाजीसाबला उद्या पुन्हा बोलवावं लागेल. गाव त्याला चोर म्हणून राहिलं.”

तिनं दचकून वर पाहिलं. पासपोर्ट गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. “हाजीसाबला? काहून? त्यानं काय केलं?”

“त्यानं काही केलं नाही. तुमचा पासपोर्ट चोरीला गेला म्हटल्यावर लोक कुणाचं तरी नाव घेणारच.”

खालानं तोंडावर पदर धरला. “या अल्ला. पुन्हा माझ्याच तोंडानं.”

मग ती उठली, कोपऱ्यातली बांगड्यांची पेटी ओढली, हिरव्या बांगड्यांच्या माळा बाजूला केल्या आणि खालून रुमालात बांधलेला पासपोर्ट काढून माझ्यापुढं ठेवला. बांगडी एकही फुटली नाही.

तिनं जे सांगितलं ते असं. गिरणीवाली तरुण होती तेव्हा तिच्यासाठी एक चांगलं स्थळ आलं होतं. खाला मुलाच्या गावी बांगड्या भरायला गेली. तिथं ती पोरीबद्दल एक वाक्य बोलली. सोयरीक मोडली. पुढं जिथं जिथं बोलणी व्हायची तिथं ते वाक्य आधी जाऊन बसलेलं असायचं. पोरगी तशीच राहिली. आईबाप खंगून गेले, ती गिरणी चालवत राहिली.

“साऱ्या गावात फिरले, साहेब. सगळे हसून माफ म्हणले. तिच्या उंबऱ्यापर्यंत गेले अन् माघारी आले, लई येळा. तिची माफी नसली तर मी तिथं जाऊन काय तोंड दाखवू? अन् पोराला कसं सांगू, मी काहून येऊन न्हाई राहिले? पासपोर्टच न्हाई म्हणलं तर सगळंच मिटंल, असं वाटलं.”

कायद्यानं माझं काम इथं संपलं होतं. वस्तू मिळाली, नोंद बंद. मी उठलोही. पण भिंतीपलीकडे गिरणी चालूच होती, आणि ही बाई उघडी पेटी मांडीवर घेऊन बसलेली. मी म्हणालो, “चला, खाला. मी येतो सोबत.” हे पोलिसाचं काम नाही, हे मलाही माहीत होतं.

गिरणीवाली चाळिशीची, अंगानं काटक बाई. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले, मनगटात काही नाही. मला पाहून तिनं पट्टा बंद केला. एकदम शांत झालं. तिची नजर माझ्यावरून खालावर गेली आणि तिथंच थांबली.

खाला उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, “कहा-सुना माफ कर, बेटी.”

“काय कहा?” ती म्हणाली.

खालाला कळलं नाही. मलाही क्षणभर कळलं नाही.

“काय बोलली व्हतीस ते सांग ना, खाला. समद्या गावाला म्हणतीस तसं मला नको म्हणू. त्या घरी काय बोलली व्हतीस?”

“जाऊ दे, पोरी...”

“मी न्हाई जाऊ देत.”

खालानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. शेवटी ती हळूच म्हणाली, “मी म्हणलं, पोरीला फीट येती.”

“खरं व्हतं का?”

“न्हाई. तू एकदा उन्हाची चक्कर येऊन पडली व्हतीस, बांगड्या भरताना. तेवढंच.”

“मंग काहून बोललीस? माझं काय वाकडं व्हतं तुझ्याशी?”

“काहीच न्हाई.” खाला आता रडत होती. “त्यायनं चहा देला. मोठं घर. साऱ्या बाया भोवती बसून माझं ऐकून राहिल्या व्हत्या. मला लई बरं वाटून राहिलं व्हतं. मंग बोलत गेले.”

मी नोकरीत किती कबुलीजबाब ऐकले असतील! कुणी दारूला दोष देतो, कुणी गरिबीला, कुणी बायकोला. ऐकणारे होते आणि बरं वाटत होतं, इतकं उघडं कारण कुणी दिलं नव्हतं.

गिरणीवाली पदराला हात पुसत राहिली, पुसून झाले तरी पुसत राहिली. मग म्हणाली, “आजवर कुणी म्हणलंच न्हाई की ते खोटं व्हतं. मलाच कधी कधी वाटायचं, खरंच येत असंल का फीट?”

खाला खाली बसली. तिला उठवायला गिरणीवाली पुढं आली नाही. आमची महिला शिपाई आली. गिरणीवालीनं पट्ट्याला हात घातला आणि पाठ फिरवून म्हणाली, “जा तू. विमान चुकंल. पण आधी हाजीसाबच्या दुकानापुढं उभी राहून सांग, जसं आत्ता सांगितलं तसं.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. खालानंही पुन्हा विचारलं नाही. त्याच संध्याकाळी भर रस्त्यात, लोक जमलेले असताना, तिनं पासपोर्ट आपणच लपवल्याचं सांगितलं, आणि वर जुनी गोष्टही सांगितली. पोराची मान खाली गेली. हाजीसाब दुकानातून बाहेर आला, त्यानं तिला पाणी दिलं आणि तिची बॅग वजनाला अडतीवर पाठवली. मी डायरीत लिहिलं, ‘पासपोर्ट घरातच मिळून आला. कुणाविरुद्ध तक्रार नाही.’ एवढ्या मोठ्या गोष्टीची सरकारी नोंद एवढीच.

ग्रुप गेला आणि सुखरूप परतही आला. खालानं नंतर बांगड्यांचा धंदा सोडला. खजूर घेऊन ती गिरणीवर गेली होती म्हणतात. गिरणीवालीनं खजूर घेतले की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही.

आता मी हिंगोलीत असतो. सकाळी फिरून आल्यावर ओळखीच्या टपरीवर बसतो. मंडळी जमतात, कुणीतरी चहा पुढं करतो आणि म्हणतो, “साहेब, सांगा ना एखादी केस. कोण व्हता तो? कोणतं गाव?” सगळे सरसावून बसतात. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटतं. नाव जिभेवर येतं, आणि मग पिठानं माखलेले ते हात आठवतात. मी चहा संपवतो आणि उठतो. पोलिसाला कायदा शिकवतात, तपास शिकवतात. गप्प कधी बसावं हे मला त्या दोन बायांनी शिकवलं, आणि तेही नोकरी संपता संपता.

हे लिहिण्याआधी मी गिरणीवालीला फोन केला. गाव सांगणार नाही, नाव सांगणार नाही, पण लिहू का, असं विचारलं. मागं गिरणी चालू होती. ती म्हणाली, “लिवा, साहेब. पण झालं तेवढंच लिवा.”