विहिरीचं कुलूप

चिखलीकडच्या आमच्या खेड्यात आज शाळेतल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या शिळेला नवा रंग देत होते. त्या उग्र वासाने चौथीतली एक सकाळ आठवली.

शिळेवरचं पहिलं नाव गावच्या मालकांचं. इंग्रजांच्या कचेरीचं कुलूप त्यांनी फोडलं होतं. माझ्या चौथीच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीला प्यायला पाणी नव्हतं, म्हणून माझ्या आईने त्यांच्या विहिरीचं कुलूप फोडलं. पोलीस तिला शाळेसमोरून घेऊन चालले होते.

ती ओरडली, “त्यायनं फोडलं तं देशभक्त, अन् मी फोडलं तं चोर काऊन?”

गुरुजींनी मला विचारलं, “तुझी आई ना ही?”

मी म्हणाले, “नाही.”

पोलिसांनी धरल्यावरही ताठ चाललेल्या आईने तेव्हा मान खाली घातली.