पुतळेकाकांचा ऑनलाइन तास

चित्रकला शिकणाऱ्या पोरांसमोर न हलता बसायचं, हाच पुतळेकाकांचा पेशा. विद्यापीठाच्या कला विभागात बावीस वर्षं ते खुर्चीवर बसत आणि पोरं त्यांचं चित्र काढत. नावही पोरांनीच ठेवलेलं, आणि काकांना त्याचा केवढा अभिमान! "नाकावर माशी बसली तरी हा गडी हलायचा नाही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

मग साथ आली, वर्ग बंद झाले, पोरं घरोघरी फोनसमोर बसून शिकू लागली. विभागप्रमुखांनी टूम काढली, "आता माणूस कशाला बसवायचा? एक फोटो पाठवला की झालं." काकांच्या तोंडचं पाणीच पळालं. साठीला आलेल्या माणसाला दुसरं येतंय काय? बसणं! शेवटी चित्रकलेच्या मॅडमनी भांडून एक तास मिळवला. जमलं तर काका राहणार, नाही तर फोटो.

काकांनी कपाट आणि खिडकीच्या मधे खुर्ची टाकली. स्टुलावर बादली पालथी घातली आणि तिला टेकवून फोन उभा केला. "तासभर भांडं वाजलं तर बघ," त्यांनी काकूंना बजावलं.

"बसून तर राहायचंय! आणि रुबाब केवढा," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

काकांनी कपाटाच्या मुठीवर नजर लावली. फोनकडे बघायची सोयच नव्हती. पाठीला रग लागली, पायाला मुंग्या आल्या, पण पठ्ठ्या जागचा हलला नाही. तास संपला तेव्हा पोरं एकेक करून आपली चित्रं दाखवत होती.

मॅडम एकदम म्हणाल्या, "थांबा. आज एकानेही खांदा खोडलेला नाही?"

"आज खांदा हललाच नाही, मॅडम," एक मुलगी म्हणाली.

"अगं, म्हणजे काकांचं नेटवर्क गेलं होतं, आत्ता कुठे आलं! तासभर तुम्ही अडकलेलं चित्र बघून काढत बसलात!"

"बघा, म्हणजे फोटोवर भागतंय की," तास बघायला बसलेले विभागप्रमुख लगेच म्हणाले. काकांची नोकरी पुन्हा धोक्यात आली. तरी राहवेना.

"कुठला खांदा?" त्यांनी विचारलं.

पोरं फिदीफिदी हसली. "काका, तुमचा डावा. वीस मिनिटं झाली की हळूच खाली येतो. दर वेळी."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बावीस वर्षांत एकाने बोलू नये? आतून काकूंचं हसू ऐकू आलं.

मॅडमनी त्याच मुलीला काकांचं वर्गातलं जुनं चित्र फोनसमोर धरायला लावलं. त्यात खांदा तीनदा खोडलेला होता, आणि दमलेला, जिताजागता माणूस बसला होता. आजच्या चित्रात नुसता खुंटीला अडकवलेला सदरा. "सर, बघत राहायचं आणि चुकलं की पुन्हा काढायचं, हेच तर मी शिकवते. फोटोचा खांदा उतरतो का?"

विभागप्रमुखांनी दोन्ही चित्रं पुन्हा पुन्हा बघितली. "सोमवारपासून काकाच बसतील," ते म्हणाले. काकांचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद त्यांना कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

सोमवारी काका बसले ते खांद्यावर पहारा ठेवूनच. वीस मिनिटं झाली, तीस झाली, खांदा काही उतरेना. शेवटी फोनमधून मॅडम ओरडल्याच, "अहो काका, सोडा की तो खाली! अख्खा वर्ग खोडरबर घेऊन बसलाय!"