ताईने आधीच बघितलेला शेवट

ताईचे सलग चार खुनी बरोबर निघाले, तेव्हाच माझं डोकं फिरायला लागलं होतं.

आम्हा दोघी बहिणींना सायकॉलॉजिकल थ्रिलरचं भारी वेड. मी उल्हासनगरला राहते, शिवणकारखान्यात कामाला जाते. ताई बदलापूरला, लेक-सुनेजवळ. दर रविवारी दुपारी मी दाल-पकवान बांधून घेऊन तिच्याकडे जाते आणि आम्ही सिरीयल लावतो. शेवटच्या भागाआधी थांबायचं, चहा टाकायचा आणि उकळी येईपर्यंत आपापला खुनी सांगून मोकळं व्हायचं. जी चुकेल तिने कप विसळायचे. आणि एकीने दुसरीला सोडून एक भागसुद्धा बघायचा नाही, हे आईची शपथ घेऊन ठरलेलं.

गोष्टींत काडीचा दम नसतो, ते आम्हालाही कळतं. बाई म्हणे दुसरीचंच नाव लावून सात वर्षं संसार करते! आपल्याकडे आधारकार्डाशिवाय सिम मिळत नाही. नवऱ्याची मेलेली बायको चेहरा बदलून शेजारीच राहायला येते आणि कुणाला पत्ता नाही. ताईच्या बिल्डिंगमध्ये मी जिना चढायच्या आत तळमजल्यावरच्या काकूंना माझ्या पिशवीत काय आहे ते कळलेलं असतं. तरी आम्ही श्वास रोखून बघतो. शिव्या घालायच्या आणि पुढचा भाग लावायचा, त्यातच तर खरी मजा.

तर ताई अचानक हुशार झाली. आधी दर वेळी हिचा खुनी चुकायचा, कप हीच विसळायची. आणि आता चहात साखर पडायच्या आत, “तो मानसोपचारवाला, दुसरा कोण!” वर माझ्याकडे बघून हसणार. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात गेल्या वर्षी सून आली. पोरगी गोड आहे, नाही म्हणत नाही, पण ताईचं आपलं उठता-बसता “ही असं म्हणते, हिने असं केलं.” पन्नास वर्षांची बहीण मी, आणि वाक्य सुरू व्हायचं ते हिच्यापासून.

ताईच्या टीव्हीवर सिरीयलच्या अ‍ॅपचं खातं माझंच आहे. एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी सहज मोबाईल उघडला. आम्ही पाचव्या भागापर्यंत आलो होतो, आणि तिथे आठही भागांखाली लाल रेघ पूर्ण भरलेली! घास तसाच राहिला हातात. म्हणजे ही सुनेबरोबर सगळं आधी बघून घेते आणि रविवारी माझ्यासमोर नाटक करते. मग मी मागच्या सगळ्या सिरीयली आठवून बघितल्या. सगळं जुळत गेलं. सून आल्यापासूनच ताई जिंकत होती. दोघी मिळून मला हसत असणार, असंही मी ठरवून टाकलं.

त्या रविवारी मी मुद्दाम तासभर आधी गेले. रंगेहाथ पकडायचं आणि शपथेची आठवण करून द्यायची. दुसऱ्या मजल्यावर पोचले तर टीव्हीचा आवाज जिन्यात घुमत होता. दार ओढून घेतलेलं. आत सून ओरडून सांगत होती, “आई, ती म्हणते गाडी मी चालवत नव्हते. हे लक्षात ठेवा, शेवटी यावरच येतं!”

“परत लाव,” ताई म्हणाली. “मेले सगळे कुजबुजतातच. बहिणीसमोर माझी पंचाईत होते.”

“मग सांगून टाका ना मावशींना, ऐकू येत नाही म्हणून.”

“नको गं. दर वाक्याला काय म्हणाली, काय म्हणाली केलं की ती चिडते. कंटाळून यायची बंद झाली तर?”

ताईने सव्वीस वर्षं अंबरनाथला पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात प्रेस मशीनच्या धडधडाटात काढली. आणि दोन वर्षांपूर्वी, ती सारखी विचारते म्हणून मीच खेकसले होते, “बहिरी झालीस काय गं? आणि आवाज कमी कर, डोकं उठतं.” त्यानंतर तिने एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, सुधारली.

मी खाली गेले. वॉचमनच्या खुर्चीशेजारी पिशवी धरून माझी वेळ होईपर्यंत उभी राहिले. मग जाऊन बेल दाबली. टीव्हीचा आवाज एकदम बारीक झालेला.

सूनही नेहमीसारखी येऊन बसली. आम्ही सहावा, सातवा बघितला. ताई पडद्याकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघत होती. मी हसले की हसत होती. हे मला आधी कसं दिसलं नाही?

चहाला मी स्वयंपाकघरात गेले. सून आलं किसत होती. मी विचारलं, “आवाज कितीवर ठेवतेस तू?”

तिचा हात थांबला. “तीसवर,” ती म्हणाली. मग हळूच, “उजव्या कानाने जरा बरं ऐकू येतं त्यांना.”

बाहेर ताई वाट बघत होती. “सांग तुझा खुनी.”

“मोलकरीण,” मी म्हटलं.

“चल! डॉक्टर आहे.”

मी रिमोट उचलला आणि आवाज तीसवर नेला.

“अगं, डोकं उठेल तुझं.”

“उठू दे.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग सुनेकडे बघितलं. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “लाव पुढे.” डॉक्टरच निघाला. कप मी विसळले.

पण खरं सांगते, जळफळाट काही गेला नाही. कोणता कान चांगला, हे वर्षभरापूर्वी आलेल्या त्या पोरीला माहीत, आणि मी दर रविवारी डाव्या बाजूला बसून पकवान खात होते. पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी ताईच्या उजवीकडे बसायला आली. “तू तिकडे सरक,” मी म्हटलं, आणि तिथे मी बसले.