उपरण्याखालचा हात

ती घटना आठवली की आजही मी नकळत स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहतो. नोकरीत गुरंचोरीपासून खुनापर्यंत सगळं हाताळलं, पण एखाद्या माणसापुढे थक्क होऊन उभा राहिलो तो एकदाच. आणि तो माणूस माझ्या ताब्यातला आरोपी होता.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी वाशीमला ठाणेदार होतो. लष्करानं विकून टाकलेल्या मोटारसायकली तेव्हा आमच्या भागात दिसू लागल्या होत्या. लोक त्यांना फटफटी म्हणत. तशीच एक आमच्या गुरांच्या सरकारी डॉक्टरांनी घेतली आणि ती एका दुपारी दवाखान्याच्या आवारातून चोरीला गेली. पंधरा दिवस आम्ही तालुका पालथा घातला. काही हाती लागेना. मग अनसिंगकडच्या एका कोतवालानं खबर आणली.

"सायेब, एक भाजीवाला माळी वावरात फटफटी शिकून राह्यला. रोज पडते अन् रोज उठते."

जमादाराला घेऊन मी निघालो. पन्नाशीचा एक काटक माणूस रिकाम्या वावरात फटफटीवर बसून गोल फिरत होता. आम्हाला पाहून थांबायचं सोडून तो ओरडायला लागला, "बाजूले व्हा सायेब! चालवनं जमलं, थांबवनं नाही जमलं अजून!"

चौथ्या फेरीला तो कडब्याच्या गंजीत शिरला, तेव्हा कुठे थांबला. मी धावत जाऊन त्याचं मनगट आवळलं आणि तसाच ओढत त्याला बांधापर्यंत आणला. त्याची बायको वांग्याच्या वाफ्यात उभी राहून पाहत होती.

गाडीची नंबराची पाटी गायब होती, टाकीला काळा रंग फासलेला होता. पण इंजिनावरचा नंबर डॉक्टरांच्या कागदाशी पडताळला, तो जुळला. मुद्देमाल मिळाला होता. आता चोर कोण, एवढाच प्रश्न होता, आणि माझ्या मनात त्याचं उत्तर तयार होतं.

"कोणाकडून घेतली?" ठाण्यात आणून मी त्याला विचारलं.

"केनवडच्या बाजारात सायेब. गुरं बांधतात तिथं एक जन घेऊन उभा होता."

"नाव? दिसायला कसा?"

"नाव नाही इचारलं. डोयावर गॉगल, तोंडाले रुमाल. अन् मी पाह्यलंच नाही त्याच्याकडं. बाजारात जनावर पाहतात सायेब, मालकाचं तोंड कोन पाहते?"

जमादार हसला. मी मात्र भडकलो. "विकणारा दाखवता आला नाही, तर चोरीचा माल घेतला म्हणून तूच तुरुंगात जाशील. समजतंय का?"

त्यानं दाराबाहेर एक नजर टाकली. मग म्हणाला, "बैलगाडीत मेथी कोमेजते सायेब. बाजारात पोचेपर्यंत अर्धी फेकाव लागते. म्हून घेतली. माही बायको बाहेर बसली हाये. तिनं जन्मात ठान्याची पायरी पाह्यली नव्हती."

मी आवाज थोडा खाली आणला. "मग गाडी घेताना पाहिलंस तरी काय?"

हे विचारलं आणि माणूसच बदलला. म्हणाला, पहिले इंजिनाले हात लावला, तं गरम. "म्हंजे हा आधीच सुरू करून बसला. मंग तिची खोड कशी समजन? मी म्हटलं, थंडी होऊ दे. अन् तिथंच भाकर सोडून बसलो. थंडी झाल्यावर एका लाथीत सुरू झाली, तवा मानली." पुढे म्हणाला, चाक उचलून डावं-उजवं हलवून पाहिलं, बैलाचा खूर पाहावा तसं. गाडीखालची माती तेलानं ओली होते का, तेही पाहिलं. मी स्वतः वर्षभर अशी गाडी घ्यायच्या विचारात होतो. दोन गाड्या पाहिल्याही होत्या. त्यांचा फक्त रंग मला आठवत होता.

"भाव कसा ठरला?"

"उपरन्याखाली."

गुरांच्या बाजारात भाव चारचौघांत बोलत नाहीत. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचा आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. ही रीत मला ठाऊक होती.

"सायेब," तो म्हणाला, "त्याचं तोंड नाही सांगता येत. पन हात आनून द्या. सांगतो."

मी हसलो. तरी ओळख परेड घेणं भाग होतं. माझा संशय आधीपासूनच एका मिस्त्रीवर होता. लढाईवरून परतलेला, डॉक्टरांची गाडी दुरुस्त करणारा. त्याच्यासोबत उभे करायला गावातली माणसं गोळा केली. तहसीलदार साहेब आले, पंच आले. एक माणूस कमी पडला, म्हणून गाडी न्यायला डॉक्टरांबरोबर आलेल्या त्यांच्या कंपाउंडरला जमादारानं रांगेत उभं केलं. दहा झाले.

माळी म्हणाला, "माहे डोये बांधा. नाही तं म्हनान, तोंड पाहून सांगतलं."

डोळे बांधले. तो उपरणं घेऊन एकेकाचा उजवा हात त्याखाली धरत चालला. तिसरा मिस्त्री होता. त्याचा हात त्यानं लगेच सोडून दिला. संपलं, मी मनात म्हटलं. आठव्या माणसापाशी तो थांबला. "दाब," म्हणाला. "तवा दाबली होती तशी बोटं दाब." आवारात कोणी हलेना.

"हाच हात."

तो कंपाउंडर होता.

मी रागानं पुढे झालो. फिर्यादीचाच माणूस धरतोस? शब्द तोंडात होते आणि तिथेच अडकले. मिस्त्रीला गाडी कळत असेल, पण गुरांच्या बाजारातली बोटं त्याला कुठून येणार? डॉक्टरांच्या मागे वर्षानुवर्षं बाजार फिरणारा आणि रोज सकाळी फटफटी पुसून सुरू करून ठेवणारा माणूस एकच होता. हे मला जबानी घेतानाच सुचायला हवं होतं. कंपाउंडरनं फार आढेवेढे घेतले नाहीत. संध्याकाळच्या आत त्यानं गाडीची पाटी दवाखान्यामागच्या विहिरीतून पंचांसमक्ष काढून दिली.

"काय खूण होती हाताला?" मी माळ्याला विचारलं.

"खून कायची सायेब? हात हाये थो."

तहसीलदार साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "हे कागदावर कसं लिहायचं?" खटला विहिरीतल्या पाटीवर उभा राहिला आणि टिकला.

गाडी डॉक्टरांकडे गेली. माळ्यानं सुटून जाताना तिच्या सीटवर एकदा थाप मारली. "बैल हायेतच की," तो मलाच समजावल्यासारखं म्हणाला. मला फार ओशाळं वाटलं. ठाणेदारानं आरोपीला हात द्यायची तेव्हा रीत नव्हती. मी दिला.

त्यानं तो लगेच सोडला नाही. मान खाली घालून, दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मीही उभा राहिलो.

"वावरात माहं मनगट धरलं होतं थो हात येगळा होता सायेब," तो म्हणाला, आणि बाहेर बायको बसली होती तिकडे गेला.

पुढे सेवानिवृत्तीपर्यंत मी शेकडो माणसांना ताब्यात घेतलं. आपण ज्याला धरतो, तोही आपल्याला ओळखत असतो, हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवसानंतर पुरावा हाती येईपर्यंत मी कोणाचं मनगट आवळलं नाही. नुसतं म्हणायचो, "चला."