काकूंच्या वाटचं गोड

कुणाची नजर अंगावर रेंगाळली की काकू स्वतःचाच दंड चिमटीत धरायच्या आणि म्हणायच्या, "बघून घे. खालिस लोणी आहे." उत्तरेतल्या आमच्या रामघाटाच्या अरुंद गल्लीत त्या समोरून आल्या की आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढून वाट द्यायची. अशी एखादी काकू तुमच्याही शेजारी असेल. आमच्या काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

त्यांचे पती, भिक्षुकी करणारे आमचे गुरुजी, अगदी काटकुळे. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढे आलेलं आणि घट्ट. श्राद्धाच्या जेवणांची आमंत्रणं त्यांना बारमाही असत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा एका इस्पितळात मधुमेहाच्या रोग्यांना पथ्य सांगत असे. नवी नोकरी, अंगात भारी उत्साह. एकदा काकूंनाच गाठलं.

"काकू, एवढ्या वजनाला शुगर कधीही होईल. मिठाई बंद."

पथ्याचा कागद त्यांच्या हातात दिला. गुरुजी शेजारीच बसले होते. त्यांच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

काकू शब्दाच्या पक्क्या. घरात यजमानांकडचे लाडू, प्रसादाचे पेढे येतच होते, पण त्यांनी कशालाही तोंड लावलं नाही. वर्षभराने मी कौतुकाने विचारलं, "मग तुमच्या वाटच्या मिठाईचं काय करता?"

"फेकायची थोडीच? ह्यांना वाढते. बिचारे किती सुकलेत."

मी हसले. मोठी शहाणी मी.

पुढे गुरुजींना घाटाच्या पायरीवर ठेच लागली आणि जखम काही केल्या भरेना. आमच्या इस्पितळात तपासलं तर साखर भलतीच वाढलेली. डॉक्टरांनी त्यांच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, बोटांत फारसं काही आलं नाही.

"ह्यांची चरबी आत आहे, आतड्यांभोवती," ते मला म्हणाले. "दंडामांड्यांवर, कातडीखाली बसते ती एवढी छळत नाही. ही आतली चरबी साखर बिघडवते. माणूस बारीक दिसला तरी."

हे मला कळायला हवं होतं. मी वजनकाट्यावर विसंबले. पायातलं विष अंगात भिनलं आणि गुरुजी गेले.

काकूंचीही साखर तपासली. ती अगदी ठीक निघाली. मला राहवेना.

"काकू, तो कागद मी चुकीच्या माणसाला दिला."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तुझा काय कसूर, बेटा? वाढत तर मी होते."

वर्षश्राद्धाला मी सोवळं नेसून मदतीला गेले. पुतण्याने विधी केले, ब्राह्मण पानावर बसले. काकू खिरीचं पातेलं घेऊन पहिल्या पानाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या. पानावरचे शास्त्रीबुवा तरुण होते, सडपातळ.

"शास्त्रीबुवा," काकूंनी हळूच विचारलं, "शुगरची जांच केलीत ना?"

श्राद्धाला जेवणारे बोलत नाहीत. त्यांनी नुसता द्रोण पुढे केला. काकूंनी पातेलं आणि डाव माझ्या हातात दिले आणि त्या आत निघून गेल्या.