पाटाची कड

किडनी ताईची होती. एप्रिलमध्ये ती माझ्या पोटात खालच्या बाजूला, उजवीकडे बसवली. तिथे ती कातडीपासून फार खोल नसते. ही माहिती मला शस्त्रक्रियेआधीच दिली होती.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. पेणच्या घरात ते कोणाला पटलं नाही. बायको पाण्याचा तांब्याही हातात आणून देई. भेटायला येणारे ‘उठू नका’ म्हणत. मीही उठत नसे, कारण ताईने दिलेलं आत हलेल अशी भीती होती. तीन महिन्यांत वजन नऊ किलोंनी वाढलं; त्यात गोळ्यांचाही वाटा होता. साखर वाढली. जिना चढताना मांड्या थरथरत.

जुलैमध्ये ताई आली. रोह्याजवळच्या गावात तिची भातशेती आहे.

“काय रे, मी लावणीला उभी राहिले नि तू अजून खाटेवर?”

“तुझी एक काढली, मला एक बसवली. फरक हाय.”

“फरक हाय म्हणूनच तुला कागद लिहून दिलाय. मला कोणी कागद दिला नाय.”

तिने तो कागद माझ्या बायकोकडून मोठ्याने वाचून घेतला. रोज चालणे, हळूहळू वाढवणे. पोटावर मार किंवा दाब नको. परवानगीशिवाय जड उचलू नये. दुसऱ्या दिवशी मी नाक्यापर्यंत गेलो. ऑगस्टअखेर चाळीस मिनिटं चालत होतो. साखर उतरली आणि रक्तदाबाची एक गोळी कमी झाली.

मग गणपती आले. आमच्याकडे घरचा पाट आधी कारखान्यात नेऊन देतात आणि मूर्ती त्यावर बसवून मिळते. ती आणायचं काम वीस वर्षं माझं होतं. शाडूची दीड फुटाची मूर्ती, पाटासकट बारा-तेरा किलो.

“पुतण्या आणेल,” बायको म्हणाली.

“चालायला डॉक्टरांनीच सांगितलंय.”

कारखानदाराने रिक्षात ठेवू का विचारलं. मी नको म्हणालो. पाटाखाली दोन्ही हात घातले आणि कड उजवीकडे पोटाला टेकवली. वीस वर्षं ती तिथेच टेकत होती. घर आठ मिनिटांवर होतं, तोवर काही जाणवलं नाही. दारात औक्षण होईपर्यंत मूर्ती आणणाऱ्याला थांबावं लागतं. निरांजन वाऱ्याने विझलं. बायको ते पुन्हा पेटवत असताना व्रणाखाली काहीतरी ओढलं गेलं. मूर्ती मध्येच खाली ठेवता येत नव्हती.

संध्याकाळी तिथे फुगवटा दिसला. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून पनवेल गाठलं. सोनोग्राफी होईपर्यंत ताईला कळवलं नाही. किडनी गेली असती तर तिला काय सांगायचं, याचं एकही वाक्य जुळत नव्हतं.

किडनीचा रक्तपुरवठा नीट होता. रक्ताचा रिपोर्टही पूर्वीसारखाच आला. व्रणाजवळचा स्नायू मात्र फाटला होता. हर्निया. पट्टा बांधायचा आणि पुढे एक लहान शस्त्रक्रिया.

“मग आता चालणं बंद?” मी विचारलं.

“चालण्याने हे झालेलं नाही,” डॉक्टर म्हणाले. “दोन आठवडे थोडं कमी चाला. बंद करू नका. आणि पोटाला काही टेकवू नका, देवसुद्धा नाही.”

बाहेर येऊन ताईला फोन केला. तिसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीने आली आणि आधी रिपोर्ट मागितला. बायकोने वाचून दाखवला.

“किडनीचं परत वाच गो,” ताई म्हणाली.

बायकोने परत वाचलं.

गौरी जाईपर्यंत ताई राहिली. रोज सकाळी माझ्याबरोबर यायची. बाजारात गर्दी असे. ती माझ्या उजव्या बाजूने चाले, कोपर बाहेर काढून, आणि समोरून पिशव्या घेऊन येणाऱ्या माणसांना पलीकडून जायला लावी.